माहीत नसलेला पर्याय

मकरंद गेल्याचं नवऱ्याने ऑफिसातून फोन करून सांगितलं, तेव्हा मी मकरंदसाठीच मऊ भात लावत होते. ॲसिडिटी झालीय, असं दुपारी तोच म्हणाला होता... सहा आठवडे झाले, मला अजून एका जागी बसवत नाही.

मकरंद नवऱ्याचा वर्गमित्र. इंजिनिअरिंग सोडून शिकागोत अर्थशास्त्रात पीएच.डी. करणारा, म्हणून आमच्या ग्रुपमध्ये जरासा वाया गेलेला. विषय विचारला की म्हणायचा, माणसाला निवडीचं स्वातंत्र्य किती आहे ते मोजतो. सगळे हसायचे. रविवारी देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर किराणा घ्यायला आमच्याबरोबर यायचा आणि लोणच्यांच्या बरण्यांपुढे शिकवणी सुरू करायचा. वीस बरण्या आहेत, पण सगळ्या कैरीच्याच, तर पर्याय वीस धरायचे की एक? मला लोणचं हवं असायचं, त्याला उत्तर.

मी तेव्हा एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली बायको म्हणून, तीन वर्षं घरात बसून होते. नोकरीची परवानगी नाही, म्हणजे काहीच करता येत नाही, असं पहिल्याच पॉटलकला, आपापला पदार्थ घेऊन सगळे जमतात तिथे, कुणीतरी सांगितलं आणि मी ते ब्रह्मवाक्य मानलं. नियम वाचला तो मकरंदने. "नोकरी नाही चालत. पण शिकायला कुणी अडवलंय तुला?" मी रडले, मग त्याच्याशीच भांडले. त्याच्या प्रबंधात नेमकं हेच अडलं होतं. माणसाला ठाऊकच नसलेला पर्याय मोजायचा की नाही? तो म्हणे मोजायचा, दार उघडं होतं ना. मी म्हणे, मला दिसलंच नाही ते दार कसलं, माझ्यासाठी ती भिंतच. पुढे मी कॉलेजात नाव घातलं, तरी हा वाद काही मिटला नाही.

त्या दुपारी त्याचा फोन आला. छातीत जळजळतंय, घाम येतोय, इमर्जन्सीत जाऊन येऊ का, असं त्याने अर्धवट विचारलं. मीच म्हटलं, "अरे, तिथे पाऊल टाकलं की कंगाल करतात. ओवा चाव, मी संध्याकाळी भात घेऊन येते." आमच्यात सगळे हेच सांगतात. त्याच्या विद्यार्थी विम्यात इमर्जन्सीचा खर्च बसत होता, हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. विम्याचं पुस्तक त्याच्या खणात सापडलं, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. दुसऱ्यांचे पर्याय मोजत बसणाऱ्याने स्वतःचं पुस्तक उघडू नये, याचा मला भयंकर राग येतो... आणि मग माझाच येतो.

त्याच्या प्राध्यापकांनी प्रबंधाचा खर्डा आमच्याकडे दिला, साताऱ्याला त्याच्या आईवडिलांना पाठवण्यासाठी. त्यात एका इंग्रजी पानाच्या समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलंय, 'वैदेही म्हणते, मोजू नये. विचार केला. तिचंच बरोबर आहे.' म्हणजे माझ्याच म्हणण्याप्रमाणे त्या दुपारी त्याच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता, आणि मी सुटले. मला असं सुटायचं नाहीये. पार्सल बांधायचं राहिलंय ते या एका पानापायी. रोज ते काढते, वाचते आणि त्याला सांगते, मकरंद, खोड ते. दार होतं.