नातवाची पहिली शी

लोक डॉक्टरला जीभ दाखवतात, नाडी दाखवतात, नको असताना जुनी खरूजही दाखवतात. पण गोष्ट शौचाची निघाली की घरादाराची दातखीळ बसते. पन्नासच्या दशकात मी अकोल्याकडच्या मालेगावात दवाखाना घातला, तेव्हा माझा निम्मा संताप याच एका गोष्टीपायी व्हायचा. संतापी मी आधीपासूनच होतो, हे वेगळं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एके सकाळी जवळच्या वाडीवरून एक बैलबंडी दारात थांबली. तिच्यातून एक तरुण शेतकरी उतरला, मागोमाग त्याची आई, आणि शेवटी फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन सुईण. परवा जन्मलेला मुलगा. दूध घेईना, हिरवं ओकत होता, पोट तट्ट फुगलेलं. आजीचं म्हणणं, घरी विळा तापवून ठेवला होता, पोटावर एक डाग दिला असता तर एव्हाना उतार पडला असता, पण पोराने हट्टाने बंडी जुंपली. त्या हट्टाबद्दल मी बापाची पाठ थोपटली आणि विचारलं, बाळाला शी झाली का? तिघेही एका सुरात हो म्हणाले. कोणी पाहिली, असं विचारल्यावर तिघे एकमेकांची तोंडं पाहू लागले.

त्यांच्या घरची रीत अशी की सुवेर, म्हणजे जन्माचा विटाळ, फिटेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत सुईणीखेरीज कोणी पाऊल टाकायचं नाही. आजीचं सोवळं तर गावात प्रसिद्ध. सुईण सकाळी येऊन अंधाऱ्या खोलीत बाळाला न्हाऊ घालायची आणि पुढच्या घरी पळायची. तिला वाटलं, शी आपण गेल्यावर होत असेल. आजीला वाटलं, सुईणीने पाहिली असेल. पहिलटकरीण पोर बिचारी लंगोट ओला दिसला की सगळं झालं असं समजायची. सगळ्यांनी मिळून न झालेली शी झाली म्हणून सांगितली होती.

मी थर्मामीटर मागून लावायला गेलो, तर वाटच नव्हती. जिथे असायला हवी तिथे नुसता खळगा, वर कातडी. गुदद्वाराशिवाय जन्मलेलं बाळ मी शिकताना एकदाच पाहिलं होतं, आणि ते वाचलं नव्हतं. आतडं बरंच वर संपलेलं असताना कुणीतरी खालून चाकू घातला होता. आतडं कातडीलगत आलेलं असलं तर एक चीर पुरते. वर असलं तर खालून हातही लावायचा नाही, पोटावर वाट काढावी लागते. ते शोधायचं तर अकोल्याला नेऊन, बाळाला उलटं धरून, एक्स-रे काढायचा. पोटातला वायू वर चढतो आणि आतडं कुठवर आलंय ते फोटोत दिसतं. पण सकाळची मोटार गेलेली, आणि बाळाचे ओठ सुकत चाललेले.

मी त्याला खिडकीपाशी उन्हात घेतलं. लंगोट ओला होता, पण स्वच्छ. काळपट डाग नव्हता. म्हणजे आतून लघवीच्या वाटेशी जोड नसावा. मग मी त्याच्या तळव्यावर टिचकी मारली. ते जीव खाऊन रडलं, कुंथलं, आणि खळग्यातली कातडी फुगून वर आली. जांभळाच्या सालीएवढी पातळ, आणि आतून काळं-हिरवं दिसत होतं. आतडं अगदी दारापाशी येऊन थांबलं होतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो.

आजी कडाडली, "लेकरू मरून राह्यलं अन् तू हासून राह्यला?"

"मरत नाही आता," मी म्हणालो.

जागा बधिर केली, अधिकच्या खुणेसारखी छोटी चीर दिली, आणि दोन दिवसांचा सगळा ऐवज माझ्या धुतल्या सदऱ्यावर आला. पोट डोळ्यांदेखत खाली बसलं. कडा टाक्यांनी बसवल्या. सदरा बदलायचंही मला सुचलं नाही, तसाच बाहेर येऊन बापाला मिठी मारली; त्यानेही नाक मुरडलं नाही.

पण अर्धी लढाई बाकी होती. जखम भरताना दार पुन्हा आवळतं. ते आवळू नये म्हणून तेल लावलेली करंगळी रोज आत घालायची, काही महिने, न चुकता. कोण घालणार? बाळंतीण घरी तापाने फणफणलेली, नांगराने बापाची बोटं जाडजूड झालेली, आणि सुईणीच्या मागे चार घरं. मी मुद्दामच आजीकडे पाहिलं नाही. उगाच कशाला आगीत तेल ओता.

तिने आपणहून हात पुढे केला. "नख काप माहं," ती म्हणाली. "अन् कसं घालाचं थे एकडाव दाखव."

पेरण्या आटोपल्यावर ती नातवाला घेऊन आली. गुबगुबीत गाल, डोळ्यांत काजळ. रोज बोट घातलंय, हे तपासताक्षणी कळत होतं. मी अजून तपासतोय तोच गड्याने टेबलावरच, कुणाच्या मदतीशिवाय, पिवळीधम्मक शी केली. आजीने आपल्या पदराने त्याला पुसलं आणि त्याला खांद्यावर घेऊन बाहेर बसलेल्या लोकांना मोठ्या कौतुकाने ही बातमी सांगितली. तिच्याच गावची एक बाई नाक मुरडून म्हणाली, आधी घरी जाऊन आंघोळ कर.

"आंगोय कायले?" आजी म्हणाली. "ह्याच्यासाटी म्या देवाले साकडं घातलं व्हतं."

मी तिच्या हातावर साबण ठेवला, तेवढं तिने ऐकलं. मग कनवटीची पुडी सोडून तिने सगळ्यांना गूळ वाटला, आणि त्या नाक मुरडणाऱ्या बाईनेही तो खाल्ला.