डोळे मिटून उघडलेलं कुलूप

प्रिय ईरा आणि निहार,

ईराने परवा फोनवर सांगितलं, की तिने तिकडे स्कूबा डायव्हिंगच्या वर्गात नाव घातलं आहे, आणि वर विचारलं, "आजी, म्हणजे काय ते समजावून सांगू का?" नको बाळ. मला माहीत आहे. तू पाण्यात उतरण्याआधी एका माणसाची ओळख करून द्यायची आहे, म्हणून आजच लिहायला बसले.

यंत्रांवर इतकं प्रेम करणारा आणि त्यांच्यावर इतका कमी विश्वास ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आमच्या वारज्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ. धरणांचे दरवाजे पाण्याखाली जाऊन तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी जवळच्या पोहण्याच्या तलावावर ते लोकांना डायव्हिंग शिकवू लागले. इमारतीतली मुलं त्यांना बुडबुडेकाका म्हणत, कारण त्यांचं एकच पालुपद असे : "पाण्याखाली श्वास कोंडायचा नाही. बुडबुडे दिसतायत तोवर माणूस ठीक आहे." कुणी विचारलं, "पुण्यात समुद्र कुठे आहे?" की ते शांतपणे म्हणत, "असता तर लोक न शिकताच आत गेले असते."

काकांची शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. ते बिघाड पेरत. मंडळी तलावावर यायच्या आत प्रत्येकाच्या सामानात एक खोडी करून ठेवायची. कुणाच्या मास्कचा पट्टा उलटा, कुणाच्या सिलिंडरची चावी बंद, कुणाची नळी अर्धवट आवळलेली. ज्याला आपला बिघाड सापडेल त्याने पाण्यात उतरायचं. ज्याला सापडणार नाही त्याला म्हणत, "आज काठावर बसून पाणी बघा. तेही शिक्षणच आहे." एका बँकेच्या साहेबांनी सलग तीन रविवार पाणी बघितलं आणि चौथ्या रविवारी काकांनी काहीच बिघडवलं नव्हतं तरी दोन बिघाड शोधून काढले. काका त्या दिवशी फार खूश होते.

हा छंद तलावापुरता राहिला असता तर बरं होतं. ते चहाला आले की जाताना आमच्या दिवाणखान्यातला बल्ब अर्धा फिरवून जायचे. एकदा मी भाजी घेऊन दाराशी आले, तर त्यांनी जिन्यातच माझा चष्मा काढून घेतला. "डोळे मिटा, बाई, आणि कुलूप उघडा." (मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून सगळ्यांसारखी त्यांचीही मी बाईच.) मी चिडून म्हटलं, "अहो, तुम्हाला दुसरा काही उद्योग नाही का?" "आहे. पण तो रविवारी असतो." मी किल्ल्यांचा जुडगा चाचपत राहिले आणि ते घड्याळ बघत सांगत राहिले, "थांबा. श्वास सोडा. हात लावून ओळखा. मग फिरवा." कुलूप उघडायला चार मिनिटं लागली. महिनाभराने मी ते एका दमात उघडू लागले. तुमचे आजोबा सोफ्यावर बसून टाळ्या वाजवायचे.

आजोबा काकांचे पहिले विद्यार्थी. मालवणच्या समुद्राचा तळ बघायचा हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ते राहून गेलं. आजोबा गेल्याच्या पुढच्या वर्षी काकांचा वर्ग मालवणला निघाला, तेव्हा डॉक्टरांचा दाखला घेऊन, आजोबांचा मास्क पिशवीत टाकून, मीही स्वारगेटहून गाडीत बसले. तोवर तलावात मी पुरेसे रविवार काढले होते.

वीसेक फुटांवर खाली सगळं हिरवट आणि शांत होतं. मी एका खडकाजवळ पोपटी मासे बघत होते, शेजारी काका होते, आणि आजोबांना हे दाखवायला हवं होतं असं मनात येत होतं. तेवढ्यात ज्यातून श्वास घ्यायचा ते रेग्युलेटर खाली गळून पडलं. तोंडात नुसता रबरी तुकडा राहिला आणि श्वासाबरोबर खारट पाणी आत आलं. त्या क्षणी मला वर पळायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. मग मी डोळे मिटले. का मिटले ते सांगता येणार नाही. थांबले. होता तेवढा श्वास बारीक बुडबुड्यांनी सोडत उजवा हात छातीवरून फिरवला, आणि जिन्यात किल्ली लागायची तशी जादाच्या पिवळ्या रेग्युलेटरची नळी बोटांना लागली. ते तोंडात धरलं, जोराने फुंकून आतलं पाणी काढलं, आणि श्वास घेतला. डोळे उघडले तेव्हा काका एका हाताने मला घट्ट धरून दुसऱ्या हाताने स्वतःचं पिवळं रेग्युलेटर माझ्यापुढे करत होते. मला त्याची गरज उरली नव्हती.

होडीत आल्यावर मी विचारलं, "काका, हा बिघाड तुम्ही पेरलेला होता?"

त्यांनी तो रबरी तुकडा उलटसुलट करून पाहिला. त्याला आवळून धरणारी प्लास्टिकची बारीक पट्टी जागेवर नव्हती.

"पेरला होता," ते म्हणाले. "मागच्या रविवारी, तलावासाठी. कुणाला सापडला नाही, आणि काढायचा माझ्याकडून राहिला." मग समुद्राकडे बघत म्हणाले, "बाई, मी आता शिकवणं थांबवतो."

तो तुकडा मीही पाण्यात उतरण्याआधी चाचपून पाहिला नव्हता, कारण समुद्रावर काका बिघाड ठेवत नाहीत हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पुढच्या रविवारी काका तलावावर गेले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी एक मोठा कागद घेऊन त्यांची बेल वाजवली. कागदावर मी यादी केली होती : सामानातली एकेक वस्तू, तिच्यापुढे दोन चौकोन. एक पेरलेल्या बिघाडाचा, दुसरा काढलेल्याचा.

"तुम्ही बिघडवा, मी लिहिते. परत जाताना मी वाचते, तुम्ही हात लावून पाहा."

"बाई, तुम्हाला दुसरा काही उद्योग नाही का?"

"आजपासून रविवारी आहे."

त्यांनी बराच वेळ कागद वाचला. मग चप्पल घातली.

त्यानंतर कित्येक रविवार आम्ही ती यादी वाचली. गेल्या वर्षापासून काका पाण्यात उतरत नाहीत. परवा लिफ्टमध्ये त्यांनी मला फार अदबीने विचारलं, "आपण कितव्या मजल्यावर राहता?" मी सांगितलं, त्यांनी मान हलवली. काल मी माझं जुनं रेग्युलेटर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डोळे मिटले, बोटं फिरवली, ती बारीक पट्टी दोनदा चाचपली आणि म्हणाले, "ठीक आहे. जा आत."

ईरा, ती पट्टी तूही चाचपून बघ. तुझे शिक्षक कितीही चांगले असोत.

तलावावरचा वर्ग आता त्यांचे विद्यार्थी चालवतात. यादी तिथे सामानाच्या खोलीत लावलेली आहे, माझ्याच अक्षरातली. दर रविवारी एक जण ती मोठ्याने वाचतो आणि दुसरा हात लावून पाहतो.