कापून टाकलेली लेबलं

वृद्धाश्रमात तिला सगळे दोरीताई म्हणत. एकोणीस वर्षं तिने चौतीस म्हाताऱ्यांचे कपडे गच्चीवरच्या दोऱ्यांवर वाळवले होते. कुणाचा सदरा कुठल्या दोरीवर, कुणाच्या पायमोज्यांना कडक ऊन चालत नाही, सगळं तोंडपाठ. कपडा वाळला की नाही हे ती शिवणीला ओठ लावून बघायची. हात फसतो, ओठ फसत नाही, असं तिचं म्हणणं.

मग गच्चीवर नव्या खोल्या चढल्या, दोऱ्या उतरल्या आणि मागच्या खोलीत कपडे वाळवायचं यंत्र येऊन बसलं. आश्रमाच्या व्यवस्थापिकेला सगळे मॅडम म्हणत. त्यांनी विचारलं, "जमेल ना तुम्हाला? नाहीतर..." पुढचं त्यांनी गिळलं, पण दोरीताईला ते ऐकू आलंच.

यंत्र बसवणाऱ्या मेकॅनिकने तासभर शिकवलं. कपड्याच्या लेबलावर चौकोनात गोल असेल तर तो यंत्रात चालतो. गोलात एक ठिपका म्हणजे मंद ऊब, दोन म्हणजे नेहमीची, तीन म्हणजे कडक. चौकोनाखाली रेघ असेल तर हळुवार फिरवायचं. चौकोनावर फुली असेल तर यंत्राच्या वाटेलाच जायचं नाही. बटणांवरची चित्रं आणखी वेगळी. कपाटाचं चित्र म्हणजे घडी करून थेट ठेवण्याइतकं कोरडं, इस्त्रीचं म्हणजे किंचित ओल राखलेलं. दोरीताईने वहीत एकेक चित्र काढून घेतलं. घरी सून संध्याकाळी वही घेऊन बसायची. सासूची परीक्षा घ्यायचं भाग्य किती जणींच्या नशिबी असतं, असं म्हणून हसायची आणि चुकलं की खरोखर गुण कापायची. आठ दिवसांत दोरीताईने पैकीच्या पैकी मिळवले.

यंत्रावरच्या पहिल्या दिवशी देवाचं नाव घेऊन तिने एक सदरा उचलला, कॉलर उलटी केली आणि हात तिथेच थांबला. लेबल नव्हतं. दुसरा घेतला, त्यालाही नव्हतं. अख्ख्या ढिगात एकाही कपड्याला लेबल नव्हतं. आणि ती कुणी कापली हे विचारायला कुठे जायची गरज नव्हती.

सहा वर्षांपूर्वी तिथे एक आजी होत्या. अंथरुणाला खिळलेल्या, वाचा गेलेली. त्यांच्या मानेमागे रोज नवा ओरखडा उठायचा. नर्सने मलम बदललं, मॅडमनी उशी बदलली, गुण येईना. एकदा आजींचे कपडे बदलताना दोरीताईच्या बोटाला लेबलाचा कडक कोपरा टोचला. तिने कात्री आणली आणि ते तिथल्या तिथे काढून टाकलं. चार दिवसांत मान बरी झाली. तेव्हापासून आश्रमात येणाऱ्या प्रत्येक कपड्याचं लेबल ती आधी कापून टाकायची. ज्याला सांगता येत नाही त्याचं खुपणं आपण ओळखायचं, ही तिच्या लेखी पूजाच होती. त्या लेबलावर कुणी काही लिहिलेलं असतं आणि ते कधी वाचावं लागेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ढिगात लेबलं नाहीत हे दिसलं तेव्हाच मॅडमना जाऊन सांगायला हवं होतं. पण ते "नाहीतर" कानात बसलं होतं. तिने बोटांनी चाचपून ढीग लावले. सुती इकडे, जाड तिकडे, लोकरीचं बाजूला. तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी पोस्टमन आजोबांचा तपकिरी स्वेटर हाती आला. वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला होता की लोकरीची खरखर कुठे लागेना. लोकर नसावी, असं मनाशी म्हणत तिने दोन ठिपके लावले. दार उघडलं तेव्हा आत पाच वर्षांच्या पोराला बसेल एवढा, पुठ्ठ्यासारखा घट्ट स्वेटर पडला होता.

तिने तो ओढून पाहिला, पुन्हा भिजवून ताणून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

पोस्टमन आजोबा चौऱ्याऐंशीचे. सगळा जन्म डाक वाटण्यात गेलेला, आता डोळ्यांत मोतीबिंदू आणि हृदय अशक्त. तो स्वेटर त्यांच्या मुलाने आणला होता. मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. थंडी असो नसो, आजोबांच्या अंगात स्वेटर असायचाच, धुवायला देतानाही कुरकुर. सकाळपासून त्यांनी दोनदा विचारणा केली होती.

दोरीताईने मॅडमना सगळं सांगितलं, लेबलांसकट. मॅडम रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. त्यांनी संध्याकाळच्या आत बाजारातून तसाच तपकिरी स्वेटर मागवला. आजोबांना दिसतं कितीसं, डॉक्टरांनीही धक्का बसू देऊ नका म्हणून बजावलंय, गुपचूप अंगात घाला आणि विषय संपवा, असं त्यांचं म्हणणं. त्यात कपट नव्हतं, काळजीच होती. दोरीताईलाही ते पटत होतं. नोकरीही राहणार होती, आजोबाही शांत झोपणार होते.

ती दोन्ही स्वेटर घेऊन खोलीत गेली. आजोबांनी चाहूल घेऊन हात पुढे केले, लहान मुलाने बाही घालून घ्यायला करावेत तसे. तिला नवा स्वेटर त्या हातांवर चढवता येईना. वरचा बघतोय, एवढंच तिच्या मनात आलं. तिने जुना त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आजोबा, हा तुमचा स्वेटर. माझ्या हातून आटला. तो कसा वाळवायचा ते लेबलावर होतं, ते लेबल मीच कापलं होतं. मॅडमनी हा दुसरा आणलाय, पण तो तुमचा नाही."

आजोबांनी बोटांनी गळा शोधला, मग बाही. त्यात त्यांची चारच बोटं गेली. दोरीताईचं लक्ष त्यांच्या श्वासाकडे लागलं होतं.

"पोरगा गेला तेव्हा मला दोन दिवस कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "हृदयाला सोसणार नाही म्हणून. मी जन्मभर लोकांच्या दारात तारा पोचवल्या. वाईट बातमी खिशात ठेवून एकदाही घरी गेलो नाही. आणि माझीच तार लोकांनी दोन दिवस दाबून ठेवली."

दोरीताईने नवा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"तू आजची आजच आणलीस." त्यांनी स्वेटर छातीशी धरला. "पण माझा स्वेटर घालवलास तो घालवलासच. जा आता."

ती गेली. नवा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. पुढे पंधरा दिवस आजोबांनी तिला एक रुमालसुद्धा धुवायला दिला नाही, मळके बनियन उशीखाली कोंबून ठेवले. नर्स वैतागली, मॅडम समजावून थकल्या. दोरीताईने हट्ट केला नाही. ती रोज सकाळी दारात उभी राहून विचारायची आणि रिकाम्या हाती परत जायची. मधल्या काळात तिने एकेका नातेवाइकाला फोन लावून कुठला कपडा कशाचा आहे ते वहीत उतरवून घेतलं. लेबलं आपण कापली, हे प्रत्येकाला आधी सांगितलं. दोघातिघांनी सुनावलं, तेही तिने ऐकून घेतलं.

सोळाव्या दिवशी तिने विचारण्याआधीच उशीखालून एक बनियन बाहेर आला.

"सुती आहे," आजोबा तिच्या आवाजाच्या दिशेने म्हणाले. "लिहून घे."

तिने दारातच वही उघडली आणि लिहून घेतलं.