पाड्यापर्यंत पोचणारे टायर

माझी गाडी सात सीटची आहे आणि घरात मी एकटा. घेतली तेव्हा तसं नव्हतं. बायकोला तिच्या बहिणी, आमचा मुलगा, सून, सगळ्यांना एका गाडीत घालून फिरायचं होतं. वर्षभरात तिला कॅन्सर निघाला, आणि गाडी मुलुंडहून हॉस्पिटल, हॉस्पिटलहून मुलुंड एवढीच फिरली. शेवटचे तीन महिने ती घरीच होती. तेव्हा एका संस्थेची नर्स आठवड्यातून दोनदा यायची. जे आता बरे होणार नाहीत त्यांच्या घरी जायचं आणि त्यांचं दुखणं जमेल तितकं कमी ठेवायचं, हे त्या संस्थेचं काम. बाई पस्तिशीची, मूळची मालवणकडची, राहायला भांडुपला. मी तिला सिस्टर म्हणायचो, ती मला काका.

बायको गेल्यावर महिनाभराने मीच सिस्टरला फोन केला. विक्रोळीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, बत्तीस वर्षं काढून मी रिटायर झालो होतो आणि दिवस जाता जात नव्हता. म्हटलं, तुम्ही औषधांची बॅग घेऊन रिक्षाने, पायी फिरता, मंगळवार-शुक्रवार मी गाडी घेऊन येत जाईन. ती म्हणाली, "काका, झेपेल का तुम्हाला? घरोघर तेच बघावं लागेल." मी म्हटलं, मी खाली गाडीत बसून राहीन.

आणि तसा बसतही होतो. घाटकोपरची चाळ असो, भांडुपच्या डोंगरावरच्या खोल्या असोत की मुलुंडचा टॉवर, सिस्टर वर जायची, मी काच खाली करून पेपर वाचायचो. कोण कसं आहे ते ती परत येऊन दोन वाक्यांत सांगायची. मला तेवढं पुरे होतं.

जुलैमध्ये एक नवा पेशंट आला. मुलुंडच्या मागे, जंगलाच्या कडेला आदिवासींचा एक पाडा आहे. डांबरी रस्ता संपतो तिथून दीड किलोमीटर लाल मातीची वाट, मध्ये ओहोळ आणि शेवटी चांगलाच चढ. पेशंट गवंडी होता, चाळिशीचा. तोंडाचा कॅन्सर. बोलणं बंद झालं होतं, नाकातल्या नळीतून पेज आणि औषध जायचं. हॉस्पिटलने पुढची ट्रीटमेंट नाही असं सांगून घरी पाठवलं होतं. घरात तो आणि त्याची बायको, दोघंच.

पहिल्या दोन वेळा पावसाने उघडीप दिली होती म्हणून आम्ही पोचलो. तिसऱ्या वेळी, शुक्रवारी, रात्रभर पाऊस पडून गेला होता. आदल्या दिवशी संस्थेच्या डॉक्टरांनी फोनवरच त्याच्या दुखण्याच्या औषधाचा डोस वाढवला होता, त्यामुळे गोळ्या सकाळीच संपल्या होत्या. नव्या गोळ्या सिस्टरच्या बॅगेत होत्या. ओहोळ ओलांडला आणि चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी रेस दिली तशी गाडी मागे आणि आडवी घसरली, एक चाक चरात गेलं. सिस्टरने चपला काढून हातात घेतल्या, बॅग छातीशी धरली आणि चढ चढायला लागली.

मी दहा मिनिटं चाकाखाली दगड घालत बसलो. काही होईना तेव्हा मीही पायी वर गेलो. घर दिसायच्या आधी त्याचा आवाज ऐकू आला. जीभ हलत नसलेल्या माणसाचा आवाज. त्या दिवशी मी पहिल्यांदा पेशंटच्या घरात शिरलो. त्याची बायको त्याचे दोन्ही पाय घट्ट धरून बसली होती आणि सिस्टर वाटीत गोळ्या पाण्यात विरघळवत होती. औषध नळीतून गेल्यावरही बराच वेळ तो आवाज चालू होता. मग हळूहळू बसला. बाई म्हणाली, उजाडल्यापासून असंच चाललंय. गाडी चढली असती तर त्यातला अर्धा तास वाचला असता, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

पाड्यातल्या चौघांनी ढकलून गाडी बाहेर काढून दिली. घरी येऊन मी व्हर्नियरने टायरच्या नक्षीची खोली मोजली. तीन मिलिमीटर उरली होती, आणि तीही शहरातल्या रस्त्यांसाठी केलेली, बारीक. मी ठरवलं, टायर बदलायचे.

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे मी आठ दिवस लावले.

कांदिवलीला राहणाऱ्या मुलाला सांगितलं तर त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाठवले. नदीतून जाणाऱ्या गाड्या, दगडांवर चढणाऱ्या गाड्या. "पप्पा, सरळ मड टायर घ्या, दिसायलाही झकास दिसतात," तो म्हणाला. मी वही काढली, रकाने आखले. भांडुपला एक टायरवाला आहे, माझ्याच वयाचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याच्याकडे गेलो. त्याने आधी टायर दाखवलेच नाहीत, प्रश्न विचारले. गाडी फोर बाय फोर आहे का? मी म्हटलं, नाही, मागचीच दोन चाकं ओढतात. महिन्यात चालवता किती आणि त्यातलं चिखलात किती? मी हिशेब केला. सगळं मिळून पाचशे किलोमीटर, चिखलात फार तर पंचवीस.

मग त्याने तीन टायर शेजारी शेजारी उभे केले आणि माझा हात धरून नक्षीवरून फिरवला. पहिला रस्त्याचा, गुळगुळीत, शांत चालणारा, चिखलात निकामी. तिसरा चिखलाचा, ठोकळ्यांमध्ये बोटभर फटी. पण हायवेवर पावसात ब्रेक मारलात तर हा लवकर थांबणार नाही, असं तो म्हणाला. मधला ऑल-टेरेन. दोन्हीकडचा थोडा थोडा. डांबरावर घुंई आवाज येईल, स्टिअरिंग जड वाटेल, डिझेल जास्त जाईल, पण ओल्या मातीत पकड देईल.

"चढेल ना पण?" मी विचारलं.

"साहेब, टायर पकड देतो. पुढची चाकं ओढायला लागतील असं काही तो करणार नाही. चढेल, बहुतेक. लिहून नाही देणार."

त्याच दिवशी घ्यायला हवे होते. पण त्या 'बहुतेक'वर माझं समाधान होईना. घरी येऊन पुन्हा वाचत बसलो. एक साइज मोठा घेतला तर गाडी जमिनीपासून जरा उचलली जाईल, पण चाक पूर्ण वळवल्यावर आत घासेल. बाजूची भिंत जाड हवी, म्हणजे दगडाने फाटणार नाही, पण जाड भिंतीचा टायर कडक चालतो. टायर कुठल्या वर्षी, कुठल्या आठवड्यात बनला ते त्याच्यावरच चार आकड्यांत लिहिलेलं असतं, तेही मी दुकानादुकानांत जाऊन बघत होतो. वहीची सहा पानं भरली.

त्या दिवसांत एक मंगळवार येऊन गेला आणि एक शुक्रवार. दोन्ही वेळा मी सिस्टरला डांबर संपतं तिथे उतरवलं आणि ती पायी गेली. शुक्रवारी ती परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. मी तिला मोठ्या अभिमानाने वही दाखवली. तिने पानं उलटली आणि म्हणाली, "काका, तुम्ही एअर बेडचंही असंच केलं होतंत."

ते खरं होतं. बायकोच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या तेव्हा सिस्टरने हवेची गादी आणायला सांगितली होती. मी पाच दिवस कंपन्या, पंपाचे आवाज, कापडाचे प्रकार बघत बसलो. आतल्या खोलीत बायको कण्हायची आणि मी बाहेरच्या खोलीत तुलना करत असायचो. आत गेलो तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं. बाहेर निदान करण्यासारखं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी जाऊन उभा राहिलो. होता तोच साइज, मधले, जाड भिंतीचे टायर, चारही. टायरवाल्याने अलाइनमेंट करून दिली आणि सांगितलं, चिखलात शिरायच्या आधी हवा थोडी कमी करा, डांबरावर आलात की परत भरा.

मंगळवारी पाऊस होताच. ओहोळाआधी मी उतरून चारही चाकांची हवा कमी केली. पहिला गिअर टाकला आणि रेस न वाढवता गाडी चढाला लावली. एकदा मागचा भाग हलला, सिस्टरने डॅशबोर्ड धरला, आणि मग टायरने मातीत दात रोवल्यासारखं झालं. गाडी चढली. थेट घराच्या दारात जाऊन उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी सिस्टरकडे बघून हसलो.

गवंड्याची बायको बाहेर आली. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग तिच्या चाकांकडे, मग माझ्याकडे.

"दादा, गाडी आली ना दारात," ती म्हणाली. "मग आता त्यांना दवाखान्यात नेऊ."

सिस्टर तिच्याजवळ बसून समजावायला लागली. हॉस्पिटलने काय सांगितलं होतं, तिथे वेगळं काही होणार नाही, हलवण्यात त्रासच आहे. बाईने सगळं ऐकून घेतलं. तिचं म्हणणं एकच होतं. त्रास वाढला तेव्हा गाडी येत नव्हती म्हणून मन मारून गप्प बसले, आता आली आहे, तर कशी गप्प बसू? ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं माणूस असतं तर तुम्ही नेलं नसतं का?"

माझं माणूस होतं. शेवटी मी तिला नेलं नव्हतं, आणि ते बरोबर होतं की चूक, हे मला अजून कळलेलं नाही.

सिस्टर आत गेली आणि तिने त्यालाच विचारलं. तो बायकोकडे बघत राहिला. पहिल्यांदा त्याने मान नाही म्हणून हलवली. बाई रडली नाही, नुसती उभी राहिली. मग त्याने हात उचलून दाराबाहेर गाडीकडे दाखवलं. त्याला जायचं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. उतारावर गाडी घसरेल, धोका नको, असं मी म्हणू शकलो असतो. जुने टायर असते तर ते खरंच असतं. पण गाडी चढ चढून दारात आलेली बाईने आत्ताच पाहिली होती.

मधली सीट पाडून त्याला आडवं केलं. बायकोने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. उतारावर गाडी जराही घसरली नाही. पण हवा कमी असूनही जाड भिंतीचे ते टायर प्रत्येक दगड जसाच्या तसा आत पोचवत होते, आणि दर दगडाला मागून तो आवाज यायचा. मी इतका हळू चालवत होतो की वाटेने पायी चाललेला एक माणूस आम्हाला मागे टाकून दिसेनासा झाला, तरी आवाज थांबेना. डांबरावर आल्यावर हवा भरायला थांबायचं होतं, पण धीर झाला नाही. तसाच पुढे गेलो.

हॉस्पिटलात सहा तास गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने त्याला तपासलं, बाईला खुर्चीवर बसवून शांतपणे सगळं पुन्हा सांगितलं. सिस्टरने जे सांगितलं होतं तेच. सलाइन लावलं, औषध वाढवून दिलं. संध्याकाळी आम्ही त्याला त्याच वाटेने परत नेलं. येताना तो झोपेत होता.

शुक्रवारी आम्ही चढ चढून वर गेलो तेव्हा अंगणात माणसं बसलेली दिसली. तो पहाटे गेला होता. मी गाडी मागेच थांबवली.

पंधरा-वीस दिवसांनी सिस्टर, पेशंट गेल्यावर नेहमी जाते तशी, त्याच्या घरी भेटायला गेली तेव्हा मीही आत गेलो. बाईने कोरा चहा दिला. म्हणाली, "दादा, तुम्ही एकदा नेऊन आणलंत ते बरं केलं. नाहीतर जन्मभर वाटत राहिलं असतं, नेलं असतं तर वाचले असते." मी मान हलवली.

परत येताना मी ते सिस्टरला बोलून दाखवलं. मला वाटतं, तिच्याकडूनही मला तेच ऐकायचं होतं.

"तिच्यासाठी बरं झालं, काका," ती म्हणाली. "त्याच्यासाठी नाही. त्या दिवसानंतर तो शेवटपर्यंत कुशीवर वळू शकला नाही."

भांडुपला एका म्हाताऱ्या आजीचं ड्रेसिंग राहिलं होतं. तिथे पोचल्यावर सिस्टरने बॅग उचलली, आणि मी गाडी कडेला लावून तिच्या मागोमाग जिना चढलो.