भिंतीवर मेलेला आजोबा

"बंद करा! आधी बंद करा ते!"

माझे व्याही ओरडत होते. महाडातलं त्यांचं घर, भर दुपार, खिडक्यांना चादरी लावून केलेला अंधार, आणि प्रोजेक्टरच्या झोतात दोन्ही हात पसरून उभे असलेले व्याही. भिंतीवरच्या सिनेमात एक म्हातारा आजोबा खाटेवर शेवटचे श्वास मोजत होता. व्याही मधे घुसल्यामुळे त्याचं अर्धं तोंड भिंतीवर राहिलं आणि अर्धं व्याह्यांच्या पांढऱ्या बंडीवर आलं. मिशीचं एक टोक त्यांच्या बेंबीपाशी थरथरत होतं.

खाली चटईवर आमची नात रडत होती. रडणं म्हणजे असलं तसलं नाही. वीर स्टेशनातून सुटलेली गाडी तो आवाज ऐकून पुन्हा थांबली म्हणतात. मी काही शपथेवर सांगत नाही, पण म्हणतात.

"मी म्हटलं होतं!" व्याह्यांनी माझ्यावर बोट रोखलं. "हा सिनेमा सातच्या आतल्या मुलांसाठी नाही. म्हटलं होतं की नव्हतं?"

म्हटलं होतं. आणि मीच त्यांना खोटं पाडून सिनेमा लावायला लावला होता. का, ते सांगतो. सांगताना माझी अब्रू जाणार आहे, पण ती बऱ्याच वेळा गेलेली आहे आणि वाट पाठ असल्यासारखी परत येते.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाचा, कुडपणच्या पठारावर शेती करणारा माणूस. मुलगी दिली महाडात, एका गणिताच्या मास्तरांच्या घरी. जावई मुंबईला नोकरीला. दर मे महिन्यात माझी मुलगी नातीला घेऊन वीरला उतरते, रिक्षानं महाडला येते आणि सुट्टीचे दोन वाटे होतात. अर्धी सुट्टी महाडच्या आजोबांकडे, अर्धी माझ्याकडे. मला ती "वरचे आजोबा" म्हणते. पूर्वी रिक्षातून पाय खाली टाकायच्या आधी विचारायची, "वर कधी जायचं?" हे वाक्य मी विहीणबाईंसमोर मुद्दाम दोनदा वदवून घ्यायचो.

कारण माझ्याकडे गोष्टी होत्या. व्याह्यांकडे काय होतं? पाढे. मी तिला सवचा बिबट्या सांगितला होता. सवला गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथं पहाटे एक म्हातारा बिबट्या कंबर शेकायला येतो. मला म्हणाला, "पाव्हणं, हात पुरत नाय, जरा पाठ चोळता का?" मी चोळली. इतकी चोळली की त्याचे ठिपके सुटून माझ्या हाताला लागले. "हे बघ," म्हणून मी तिला हातावरचे म्हातारपणाचे काळे डाग दाखवायचो. ती थुंकी लावून पुसून बघायची. जात नसत. ह्याच्यापेक्षा जास्त पुरावा कोर्टातसुद्धा मागत नाहीत.

मग व्याही रिटायर झाले आणि त्यांनी प्रोजेक्टर आणला. भिंतीवर सिनेमा! हत्ती हत्तीएवढा आणि उंदीरही हत्तीएवढा. एका सुट्टीत माझं राज्य गेलं. नात फोनवर त्यांना "भिंतवाले आजोबा" म्हणायला लागली आणि "वर कधी जायचं" हे वाक्य जगातून नाहीसं झालं. माझ्या पोटात अशी आग पडली की कोकमाचं आगळ प्यायलो तरी विझेना. आमच्या हिला वाटलं, पित्त. मी म्हटलं, पित्तच हाय, महाडात राहतं.

बरं, नुसता सिनेमा दाखवून गप्प बसतील तर ते मास्तर कसले? प्रत्येक सिनेमा ते आधी स्वतः बघत आणि लहान मुलांना चालेल की नाही ते ठरवत. त्यासाठी वही केली होती. रकाने आखलेले. भीती, मारामारी, भाषा, रडू. प्रत्येकाला दहापैकी गुण. आळीतल्या आया येऊन विचारत, "मास्तर, हा आमच्या बाळाला चालेल का हो?" आणि मास्तर चष्मा कपाळावर सारून वही उघडत. ती वही बघून माझा जीव जळायचा. आम्ही जन्मभर पोरांना गोष्टी सांगितल्या, आम्हाला कधी कोणी विचारलं नाही की चालेल का हो.

त्या रविवारी मी नातीला वर न्यायला म्हणून आलो होतो. सोबत फणस, काजूगर आणि एक नवीन गोष्ट. व्याही आंघोळीला गेले तेव्हा ती वही टेबलावर पडली होती. मुलीकडच्या माणसानं व्याह्यांच्या वस्तूला हात लावू नये, हे मला माहीत आहे. मी हात लावला नाही. वाऱ्यानं पान उलटेल अशा बेतानं पंखा लावला. दोनदा नको ती पानं निघाली, तिसऱ्यांदा वाऱ्यालाही माझी दया आली. शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं: "वरच्या आजोबांची बिबट्याची गोष्ट. भीती सात. खरेपणा शून्य. लहान मुलांस अयोग्य."

शून्य! अहो, निदान ठिपक्यांचे तरी दोन द्यायचे.

जेवणं झाली. भिंतीवर सिनेमा सुरू झाला. एक आजोबा, एक नातू आणि एक वासरू, असा घरगुती, कौटुंबिक सिनेमा. पण सुरुवातीलाच कोपऱ्यात अक्षरं आली, यूए आणि पुढे सात अधिक. व्याह्यांनी तिथेच थांबवला.

"सात वर्षांवरच्या मुलांसाठी," ते म्हणाले. "मी पाहिलाय. तसा चांगला आहे, पण रडू नऊ. शेवटी आजोबा जातात. आपल्या बाळाला सहाच पूर्ण आहेत. नको."

"प्लीज ना आजोबा!" नात पाय आपटायला लागली. "माझ्या सगळ्या फ्रेंड्सनी बघितलाय!"

"नियम म्हणजे नियम."

मला देवानं बुद्धी कमी दिली असेल, पण वेळेवर दिली. मी म्हटलं, "व्याही, रागावू नका, पण पोरीला सातवं लागलंय ना?"

"लागलंय. पूर्ण नाही झालं."

"आमच्यात लागलेलंच धरतात."

"तुमच्यात धरत असतील. सेन्सॉरवाले पूर्ण धरतात." हे ते इतक्या गोड आवाजात म्हणाले की मला फणसाचा चीक लागल्यासारखं झालं.

"बरं, पूर्ण धरा. सहा वर्षं आणि वर किती?"

"तीन महिने."

"आणि पोटात होती ते नऊ महिने? ते कोणाच्या खात्यात? सहा वर्षं तीन महिने, अधिक नऊ महिने. तुम्ही गणिताचे मास्तर. मी आपला डोंगरातला माणूस. किती झाले?"

व्याह्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना बेरजा घातल्या, पण ही बेरीज त्यांच्यावर कोणी सोडली नव्हती. स्वयंपाकघरातून विहीणबाईंचा आवाज आला, "ते नऊ महिने धरायलाच पाहिजेत! वाहणाऱ्याला विचारा!" माझी मुलगी म्हणाली, "शेवटचा महिना दोन महिन्यांचा धरा." बायकांनी कौल दिला म्हटल्यावर सेन्सॉर काय करणार? सात वर्षं पूर्ण झाली, तीही माझ्या तोंडून. नातीनं येऊन माझ्या गळ्याला मिठी मारली. भिंतवाले आजोबा भिंतीकडे बघत बसले.

ते दीड तास मी इंद्राच्या आसनावर काढले. खुर्ची दाराजवळची होती आणि तिचा एक पाय आखूड होता, पण आसन इंद्राचंच. नात मधून मधून वळून माझ्याकडे बघायची. सरबताचे तीन पेले तिनं रिचवले, तेही माझ्या हातून. सिनेमातला आजोबा थापा मारायचा, मी मनात म्हणायचो, शाब्बास गड्या. मग तो खाटेवर पडला. मग खोकला. मग नातीनं भोकाड पसरलं आणि व्याही झोतात उडी मारून ओरडले, ते तुम्ही वर वाचलंच.

आता माझी काय गत झाली असेल बघा. नऊ महिने मी घातले होते. पोर रडत होती. व्याही दिवा लावायला दाराशी आले, कारण बटण तिथंच. मी खुर्चीवरून उठलो. आम्ही दोघं दाराच्या चौकटीत समोरासमोर.

"बघितलंत? हे रडू नऊ! म्हणूनच रकाने असतात," ते म्हणाले.

मुलीच्या बापानं आवाज चढवायचा नसतो. मी नुसती मान खाली घातली. आणि मान खाली घातली तेव्हा दिसलं की नात धावत येऊन आमच्या दोघांच्या मधे डोकं घुसवत होती. हुंदके देत, एका हातात माझं धोतर, एका हातात व्याह्यांचा लेंगा. मला एकदम उजेड पडला.

"व्याही," मी हळूच म्हटलं, "पोर घाबरून नाय रडत. तिला तिचा आजोबा आठवला. मिशी बघितली का त्या म्हाताऱ्याची? थापा बघितल्या का? डिक्टो मी. मी जाईन ह्या भीतीनं रडते ती."

व्याह्यांनी मागे वळून भिंतीकडे बघितलं. माझ्या मुलीनं सिनेमा थांबवला होता, त्यामुळे तो आजोबा तोंड उघडं टाकून मधेच अडकला होता, धड मेला नव्हता, धड जगला नव्हता.

"चष्मा पाहिलात त्याचा?" व्याही म्हणाले.

"काय?"

"चष्मा. आणि उशाशी वर्तमानपत्र. सुट्टीत तो नातवाला वाचायला शिकवतो. तुम्ही कधी शिकवलंत?"

"मिशी हाय त्याला!"

"मिशी मलाही होती, नोकरीत असताना. अल्बममध्ये आहे. तिनं पाहिलाय."

"अहो, तो शेतात राहतो!"

"पण मरतो शहरातल्या मुलाच्या घरी."

विहीणबाई पदराला हात पुसत आल्या. "अहो, लाज वाटते का काही? आधी कोण मरणार ह्यावरून भांडताय दोघे?" त्याच वेळी माझ्या मुलीनं नातीला उचललं, आम्हाला दोन बाजूंना सारलं आणि आत घेऊन गेली. परत आली तेव्हा नात शांत होती आणि मुलगी हसत होती. मी विचारलं, काय म्हणते? तर म्हणाली, "काय नाय, बाबा."

मी नातीला घेऊन वर आलो. पोलादपूरच्या स्टँडवर चहावाल्याला सांगितलं की नात माझ्यासाठी अर्धा तास रडली. गावात जीप पोचेपर्यंत अर्ध्या तासाचा दिवस झाला. पारावर त्याचे तीन दिवस झाले, त्यात दोन दिवस अन्नपाणी बंद. एका म्हातारीनं माझ्यासमोर बोटं मोडून माझी दृष्ट काढली. इतकं रडवणारा आजोबा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. लहान पोरांना सिनेमे दाखवावेत का, असं आमच्या शेजाऱ्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, दाखवावेत. आजोबा मरत असेल तर अवश्य दाखवावेत.

पण विहीणबाईंचा फोन आला तेव्हा कळलं की खाली महाडातही वारं सुटलं होतं. व्याह्यांनी वहीत दुरुस्ती केली होती. रडू नऊ खोडून शेरा मारला होता, "योग्य. मुलांस नात्यांची जाण येते." आळीतल्या आयांना ते सांगत होते की नात त्यांच्या चष्म्याच्या आठवणीनं किती रडली. म्हणजे माझं रडू त्या माणसानं चोरलं! प्रोजेक्टर त्यांचा, भिंत त्यांची, वही त्यांची, आणि आता पोरीचे डोळेसुद्धा त्यांचे? दोन दिवस मला भाकरी गोड लागली नाही. नात अंगणात खेळत होती, माझ्याच घरी होती, माझ्याच गोष्टी ऐकत होती, आणि मी मात्र महाडाकडे तोंड करून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी मीच फोन लावला. आमच्याकडे गोठ्यामागच्या दगडावर उभं राहिलं तरच रेंज येते. मी दगडावर, नात खाली काजूगर खात.

"व्याही," मी म्हटलं, "उगाच आळीत पसरवू नका. मिशीमुळं रडली ती."

"चष्म्यामुळे. तिलाच विचारा. स्पीकर लावा, मलाही ऐकू द्या. आणि तिच्या तोंडात शब्द घालू नका."

मी स्पीकर लावला. फोन खाली धरला. छातीत असं धडधडत होतं की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली.

"बाय गो," मी म्हटलं, "त्या दिवशी भिंतीवरचा आजोबा मरत होता, तवा तू कोणासाठी रडलीस? खरं सांग. मी रागावणार नाय."

"मीही नाही रागावणार, बाळा," फोनमधून आवाज आला.

तिनं तोंडातला काजूगर आधी नीट चावून संपवला.

"मला शूला जायचं होतं, आणि अंधार होता," ती म्हणाली. "मग तुम्ही दोघं दारात उभे राहिलात."