औषधाचे मासे

ती केस मी आता विसरावी, असं घरच्यांचं म्हणणं आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेच तपशील पुसट झाले. ती बाई आणि तिची माशांची गाडी मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिनोली सोडून भीमाशंकरच्या वाटेला लागलं की धरणाच्या फुगवट्याचं पाणी दिसतं. तिथे काठावर डोंगरातल्या एका विधवा बाईची गाडी होती. पत्र्याचं छप्पर, मोठी कढई, चार बाकडी. तांदळाच्या पिठात घोळवून तळलेले मासे आणि नाचणीची भाकरी, बस्स. देवाला जाताना लोक तिकडे बघायचेही नाहीत. दर्शन झालं की येताना मात्र गाड्यांची रांग लागायची. मीही साध्या कपड्यांत तिथे जेवलो आहे. तशी चव पुन्हा मिळाली नाही.

एका रविवारी दुपारी सरकारी दवाखान्यातून फोन आला. त्या गाडीवर जेवलेल्या नऊ जणांना उलट्या, घाम, हातापायांना थरथर. डॉक्टर विषबाधा म्हणत होते. स्टेशन डायरीत नोंद होते न होते, तोच दुसरा फोन. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "साहेब, त्या बाईनं औषधाचं मासं चारलंय लोकांना. तीच म्हणत व्हती, आमी कानानं ऐकलंय."

मी ऊसपट्ट्यातला माणूस. आमच्याकडे औषध म्हणजे फवाऱ्याचं. अमक्यानं औषध घेतलं असं कळलं, की पंचनाम्याचे कागद काढायचे. माझ्या दृष्टीनं केस तिथेच उलगडली होती.

गाडीवर पंचनामा केला, उरलेल्या माशांचे नमुने सीलबंद केले आणि बाईला ठाण्यात आणलं. शेजारी महिला शिपाई बसवून मी विचारपूस सुरू केली.

"मासे औषधाचे होते?"

"व्हय."

"तुला माहीत होतं?"

"म्हाईत नसाया काय झालं? दिरानं सांगूनच दिलं की."

गुन्हेगार आधी साफ नाकारतो, मग अर्धं कबूल करतो, हा माझा नेहमीचा अनुभव. ही बाई पहिल्याच प्रश्नाला हो म्हणाली, तिथेच मला शंका यायला हवी होती. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत. औषध कुठून आणलं, किती घातलं, कुणाशी वैर होतं, मी विचारत राहिलो. ती गोंधळून बघायची आणि एकच म्हणायची, "साहेब, मला घरी जाऊ द्या. घरी म्हातारी एकली हाय."

"प्रत्येक आरोपीच्या घरी एक म्हातारी असतेच," मी म्हणालो.

थोड्या वेळानं ती पुढे वाकली आणि फरशीवरच ओकली. मी ओरडलो, "नाटकं बंद कर!"

आवाज ऐकून आमचे एक जुने हवालदार आत आले. तेही तिकडच्याच डोंगरातले. त्यांनी तिला पाणी दिलं आणि खाली बसून विचारलं, "माय, औषध कंचं? गेळाचं का फवाऱ्याचं?"

"गेळाचंच की. आमी दुसरं कुठलं घालतोय?"

हवालदारांनी मला समजावलं. गेळ नावाच्या रानझाडाची फळं कुटून डोहात टाकली, की मासे गुंगून वर येतात. धुऊन खाल्ले तर माणसाला काही होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात यालाच औषध म्हणतात.

मी तिच्याकडे पाहिलं. अंग घामानं भिजलं होतं, हात थरथरत होते. दवाखान्यातल्या नऊ जणांची तीच लक्षणं. मी पहिल्यांदाच तिला अहोजाहो केलं. "तुम्हीही ते मासे खाल्लेत?"

"गिऱ्हाइकाला मुंडकं देत न्हाई आमी. येक मी खाल्लं. बाकीची शेजारणीसंगं सासूला धाडलीत. दिस कलला की ती कालवण करती."

दिवस कलला होता. बाईला रुग्णवाहिकेतून पाठवलं आणि मी जीप घेऊन तिच्या वाडीवर गेलो. म्हातारी चुलीपाशी आडवी झाली होती. कालवणाचं भांडं अर्धं रिकामं होतं. श्वास चालू होता म्हणून उचलून धावलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बाई आणि बाकीचे नऊ जण वाचले.

दीर त्या रविवारी संध्याकाळीच सापडला होता. तो खाली टोमॅटोच्या शेतावर कामाला जायचा. "रविवारची मागणी लई, साहेब. गेळ कुटाया अर्धा दिस जातो. टमाट्यावर मारायची बाटली व्हती, तीच वतली डोहात."

"वहिनीला काय सांगितलंस?"

"औषधाचं मासं हायेत म्हनलं. खोटं कुठं बोललो?"

त्याला शिक्षा झाली. गुन्हा एका दिवसात उघडकीस आणला म्हणून मला बक्षीस मिळालं. ते घेताना मला लाज वाटली, हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही.

खटला उभा राहण्याआधी साक्षीदार म्हणून जबाब द्यायला ती बाई ठाण्यात आली होती. मी तिची माफी मागितली. शब्दानं घोटाळा केला, असं काहीतरी पुटपुटलो. ती शांतपणे म्हणाली, "शब्दाचं ऱ्हाऊ द्या, साहेब. मानसं आजारी पडली म्हनल्यावरच मला मुंडक्यांची धास्ती पडली व्हती. घरी जाऊ द्या म्हनत व्हते, तर तुमी येकदा बी 'का' म्हनून इचारलं न्हाई."

निवृत्त होईपर्यंत समोरचा माणूस 'घरी जाऊ द्या' म्हणाला, की मी आधी 'का' विचारत आलो. बहुतेकांकडे सांगण्यासारखं काही नसायचं. तरी विचारायचो. त्या म्हातारीला त्याचा काही उपयोग नव्हता.