कादंबरीचं पारणं

माझ्या वाचण्याला नातवंडं हसतात. म्हणतात, आजी वाचते तेव्हा तिचे ओठ हलतात, आणि जेवायला हाक मारली तरी प्रकरण संपेपर्यंत ती जागची हलत नाही. हसोत बापडी. मुकाट्यानं कोपऱ्यात बसून वाचणं मला कधी जमलंच नाही. अक्षरं मी शाळेत शिकले, पण वाचायला लागले ती सासरी, सोलापुरात, चार बायकांच्या घोळक्यात.

माहेर मोहोळचं. घर स्टेशनाजवळ. वडिलांनी चौथीपर्यंत शाळेत घातलं होतं. आमच्या गुरुजींकडे दूरदेशीच्या प्रवासाचं एक जुनं पुस्तक होतं, ते मी इतक्यांदा मागून नेलं की शेवटी त्यांनी परत मागायचं सोडून दिलं. गाडीची शिट्टी ऐकली की वाटायचं, ही त्या पुस्तकातल्या गावांना चालली. पुढे लग्न झालं तेव्हा मी त्या गाडीत बसले खरी, पण तिनं मला सोलापूरला उतरवलं आणि ती आपली पुढे निघून गेली.

सासर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि समोर चार बिऱ्हाडांत मिळून एक अंगण. आमचे हे गिरणीच्या कचेरीत कारकून. वाचनालयातून स्वतःसाठी कादंबऱ्या आणायचे, त्याही सगळ्या गुप्त पोलिसांच्या: तळघरं, चोरवाटा, विषाचे पेले. वाचून झाली की फळीवर ठेवायचे. पीठ मळताना माझं अर्धं लक्ष त्या फळीकडे असायचं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगोल्याकडच्या. दुष्काळात वाढलेल्या, त्यामुळे पाणी आणि शब्द दोन्ही जपून वापरायच्या. मी एकदा फळीला हात लावताच त्यांनी निकाल देऊन टाकला. "पोथी वाच की किती बी. ती पुस्तकं बाप्यांची हायती." मी हात मागे घेतला. पण मनातून अशी संतापले की त्या दिवशीच्या भाकरीला बोटांचे वळ उठले असतील.

त्यातल्या त्यात चातुर्मासानं मला तारलं. अंगणातल्या ज्या बाई दर वर्षी पोथी वाचायच्या त्यांना दिसेनासं झालं होतं, म्हणून पाटासमोर मला बसवलं. दुपारची कामं आटोपली की बायका जमत. शेजारची तेलुगू विणकरीण आपला सुताचा रहाट घेऊनच यायची. घरी माग चालू असे, त्याला सुताच्या कांड्या भरून द्याव्या लागत. तिचे हात सुतावर आणि कान माझ्याकडे. आत्याबाईंना स्वतःला एक अक्षर येत नव्हतं, पण नियम पाठ होते. अध्याय अर्धा सोडायचा नाही. ग्रंथ संपला की पारणं करायचं. आणि संपल्यावर तो तसाच मिटायचा नाही, लगेच पहिल्या अध्यायाच्या चार ओव्या वाचायच्या, म्हणजे वाचन तुटत नाही.

कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपला. मी चार ओव्या वाचल्या, पोथी बासनात गेली, आणि आत्याबाई म्हणाल्या, "उद्यापासनं दुपारी गोधड्या घ्यायच्या शिवायला." मला रडूच कोसळलं. स्वयंपाकघरात जाऊन कांद्याचं निमित्त केलं.

दुसऱ्या दिवशी बायका आपल्या सवयीनं आल्याच. गोधडीभोवती बसल्या, पण कुणाला करमेना. शेवटी विणकरीण म्हणाली, "अक्का, सूनबाईला कायतरी वाचू दे की. हात चालतंय, कान रिकामं बसतंय." आलेल्या बाईचा शब्द आत्याबाईंना मोडवेना. घरात दुसरं होतं काय? "दे काढून त्या फळीवरचं. चार ओळी वाच फक्त," त्या म्हणाल्या.

मोठ्यानं वाचायचं म्हणजे ओवीच्या चालीवर, एवढंच मला ठाऊक. त्या चालीवर मी सुरू केलं: एका श्रीमंत सावकाराचा त्याच्याच वाड्यात खून होतो. सगळ्याजणी गंभीर. आत्याबाईंनी तर पहिल्या ओळीलाच हात जोडले आणि मुडद्याचं वर्णन होईपर्यंत सोडले नाहीत. मला हसू आवरेना, पण हसले असते तर कायमचं हसू झालं असतं.

चार ओळींची चार पानं झाली. गुप्त पोलीस कंदील घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरतोय आणि तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. पुरुष घरी येण्याची वेळ. बायका उठू लागल्या.

"बसा खाली," आत्याबाई कडाडल्या. "अध्याय अर्धा टाकून उठत न्हाईत."

त्या दिवशी अंगणातल्या एकाही घरी चहा वेळेवर झाला नाही.

मग रोजचाच परिपाठ झाला. गोधडीचे टाके लांब पडू लागले. मी आनंदात होते, आणि आनंदात माणूस बेसावध होतं. चौथ्या-पाचव्या दुपारी कादंबरीतली सावकाराची तरुण विधवा सून एका परक्या माणसाबरोबर रात्री घर सोडून निघाली. मी वाचत होते आणि समोर टाके थांबले.

"मिट ते," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "म्हणून म्हनत हुते, असली पुस्तकं घरात वाचायची न्हाईत. उद्या त्येला सांगते, परत दे, आणि दुसरं आणू नगंस."

म्हणजे हे पुस्तक गेलंच, आणि फळीही कायमची रिकामी. रात्रभर मला डोळा लागला नाही. त्या विधवेचं काय झालं असेल याहून माझं काय होणार, याचीच काळजी जास्त. जन्मभर गोधड्याच शिवायच्या का?

दुसऱ्या दुपारी बायका आल्या. मधे गोधडी, पुस्तक फळीवर. रहाट तेवढा कुरकुरत होता. बऱ्याच वेळानं विणकरणीनं सूत तोडलं आणि विचारलं, "अक्का, ग्रंथ अर्धं ठेवलं तर पाप कुणाला लागतंय? वाचणाऱ्याला, का ऐकणाऱ्याला?"

आत्याबाईंची सुई थांबली. त्यांनी खरोखर विचार केला. धर्माच्या बाबतीत त्या लबाडी करत नसत. "दोघास्नी बी," त्या शेवटी म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "आण जा. आपल्याकडनं दोष नगं."

मी वाचलं. इतकं जीव लावून मी पोथीही वाचली नव्हती. तो परका माणूस विधवेचा सख्खा भाऊ निघाला, आणि ती बाहेर पडली होती ती सासऱ्याचा खुनी हुडकायला. खून सावकाराच्या दिवाणजीनंच केला होता, तो पकडला गेला. "मला पयल्यापासनं ठावं हुतं, पोरगी चांगली हाय," आत्याबाई बिनदिक्कत म्हणाल्या. डोळे मात्र पदरानं पुसत होत्या. कुणीतरी पारण्याची आठवण काढली, तर त्यांनी लगोलग शेंगापोळीसाठी दाणे भाजायला काढले.

मी रिवाजाप्रमाणे पहिलं पान उघडलं आणि चार ओळी वाचायला लागले.

"त्ये कशाला?" आत्याबाई म्हणाल्या. "खून कुनी केला त्ये कळलं की आता. पोथीचं येगळं."

"मग वाचन तुटेल," मी म्हणाले.

भोंगा झाला. आमचे हे अंगणात शिरले, डोक्यावरची टोपीही अजून काढली नव्हती, तोच आत्याबाईंनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "च्या मागनं. आधी ह्ये देऊन दुसरं घिऊन ये. त्येच्यातल्या चार ओळी वाचल्याबगर आज पारणं व्हनार न्हाई."

त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कसलं आणू?"

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग की त्येला. वाचनारी तू हायीस."

त्या घरात येऊन मला दोन वर्षं होत आली होती. मला काय आवडतं हे तोवर कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तर काय सांगायचं याची तयारी मी मोहोळपासून करून ठेवली होती.

"प्रवासाचं," मी म्हणाले. "लांबच्या."

ते निघाले, आणि आत्याबाईंनी दारातून ओरडून सांगितलं, "आनि बग रं, वाटंत एकादा खून असला तर बरं!"